डाव्या कुशीवर

१२ फेब्रुवारी

धाकट्या,

पत्र फाडायच्या आधी एवढं एकच वाक्य वाच: तुरुंगाच्या डॉक्टरला सांगून हृदयाची सोनोग्राफी करून घे आणि ती होईपर्यंत कोणावरही हात उचलू नकोस.

आता फाडायचं तर फाड. माझं काम झालं.

फाडलं नसशील तर पुढचं ऐक. बाबांच्या शवविच्छेदनाचा पूर्ण अहवाल आत्ता कुठे माझ्या हातात पडला. पोलीस केस झाली म्हणून त्यांना उघडलं, नाहीतर आपण असेच त्यांना पोहोचवून मोकळे झालो असतो. तू त्या दिवशी जो धुडगूस घातलास त्याचा एवढाच एक उपयोग झाला म्हणायचा. बाबांच्या हृदयाचा स्नायू जाड होता. दोन कप्प्यांमधली भिंत असावी त्याच्या दुप्पट. असं हृदय दिसायला पहिलवान, पण आत रक्ताला जागा कमी, आणि अंगाला जोर लागला की कधीतरी त्यातली वीज भरकटते. मग माणूस उभ्याउभ्या पडतो. बाबा पडले तसा. दोन्ही हातांत बॉक्सिंगचे पॅड धरून, तुझे ठोसे झेलता झेलता.

मी हृदयाची डॉक्टर, आणि माझ्या बापाने जन्मात मला त्यांच्या छातीला नळी लावू दिली नाही. "तुझी ती नळी तुझ्या पेशंटांना लाव. मला काय धाड भरलीय?" तू तेव्हा शेजारी उभा राहून हसत होतास.

हा आजार घराण्यातून उतरतो. प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. नाणं उडवल्यासारखं. मी माझं तपासून घेतलं, माझ्यात नाही. बाबांच्या वाटणीत माझ्या पदरात काही पडलं नाही, नेहमीसारखंच. तुझं नाणं अजून हवेत आहे.

तुझी बायको सांगत होती की तू तिथेही रोज कुणाला ना कुणाला बदडतोस. तुझा राग बाजूला ठेव असं मी म्हणत नाही. राग कर, शिव्या घाल, भिंतीकडे तोंड करून बस. हात तेवढे खाली ठेव.

अक्षर वाईट आहे. डाव्या हाताने लिहितेय. जमेल हळूहळू.

ताई


३ एप्रिल

धाकट्या,

पत्र परत आलं. चार तुकडे, पाकिटात नीट घातलेले. इतके सरळ फाडलेस म्हणजे आधी वाचलंस. तापलेला माणूस कागद वेडावाकडा फाडतो. तू वाचून, घडी घालून, घडीवरून फाडलास. तुला मी लहानपणापासून ओळखते.

तुझा वकील कोर्टात म्हणाला, माझ्या अशिलाने दाराच्या काचेतून जे पाहिलं त्याने त्याचं डोकं फिरलं. मला ते पटतं. म्हणून तू काय पाहिलंस ते मी तुला आतल्या बाजूने सांगते. काचेतून आवाज येत नाही ना.

तू बाबांना खांद्यावर टाकून आमच्या हॉस्पिटलात आणलंस तेव्हाच त्यांचं हृदय बंद होतं. नुसतं थरथरत होतं. असं हृदय चालू करायला दोनच गोष्टी असतात, छाती दाबणं आणि शॉक. दाबायचं म्हणजे अलगद नाही. पुरा देह वापरून, छाती बोटभर नाही, चांगली दोन-अडीच बोटं आत जाईल असं. म्हातारी फासळी असली की मोडते. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज येतो. आम्हाला शिकवतानाच सांगतात, आवाज आला तरी थांबायचं नाही. आणि शॉक दिला की अंग उसळतं. कोणी लाथ घालून उडवल्यासारखं. हे सगळं बाहेरून कसं दिसत असेल याचा मी आधी कधी विचारच केला नव्हता. चारचौघं मिळून एका म्हाताऱ्याला मारताहेत असंच दिसणार.

ज्यांना तू मारलंस ते आमच्याकडे हृदयाची सोनोग्राफी काढतात. सगळे त्यांना फोटोवाले म्हणतात. घाबरलेल्या पेशंटला ते सांगतात, "काही नाही हो, नुसता फोटो काढायचाय, हसलं नाहीत तरी चालेल." बाबांचं हृदय हलतंय का ते बघायला मी त्यांना बोलावलं होतं. दाबणारी सिस्टर दमली म्हणून त्यांनी मशीन बाजूला सारलं आणि स्वतः हात लावला. त्यांचं ते कामसुद्धा नव्हतं.

तू दार तोडून आत आलास. "सोड त्यांना! मारून टाकलंस!" म्हणत सलाइनचा स्टँड उचललास. पहिला फटका फोटोवाल्यांच्या तोंडावर. एक डोळा तिथल्या तिथे गेला, गालाचं हाड आत गेलं. ते पडले तरी तू थांबला नाहीस, खाली वाकून मारत राहिलास. मी त्यांना उचलायला गेले नाही. मी त्यांच्या जागी उभी राहून दाबायला घेतलं, कारण टेबलावर बाबा होते. मग तू वळलास. मॉनिटर फोडलास, काच माझ्या केसांत आली. पुढचा फटका माझ्या उजव्या मनगटावर. तेव्हा माझे हात बाबांच्या छातीवर होते, म्हणजे तो त्यांनाही लागला. त्यानंतर कोणी दाबायला उरलं नाही.

तुझ्या वकिलाने मला विचारलं, हा प्रकार झाला नसता तर ते वाचले असते का? मी म्हटलं, माहीत नाही. तू हे मला पुन्हा विचारू नकोस. उत्तर बदलणार नाही.

कोर्टात मी सगळं सांगितलं. फोटोवाल्यांचं आणि हाताचंही. बाहेर आल्यावर तुझी बायको म्हणाली, "ताई, हाताचं तरी सोडायचं होतंत." मी म्हटलं, "हात माझा आहे. मी का सोडू?"

मनगट जोडलंय, पण अंगठा आणि शेजारचं बोट बधिर आहे. माझ्या दारावरची पाटी तू पाहिली आहेस. हृदयविकारतज्ज्ञ, आणि खाली कामांची यादी: अँजिओग्राफी, अँजिओप्लास्टी, झडपा फुग्याने उघडणे, पेसमेकर, हृदयाचा अशक्तपणा, लहान मुलांच्या हृदयाच्या तपासण्या. ज्या कामांना बोटांची जाण लागते त्यांच्यावर हॉस्पिटलने पांढरी पट्टी चिकटवली. पट्टी पातळ आहे, खालची अक्षरं दिसतात. पेशंट वाचायचा प्रयत्न करतात आणि मग माझ्याकडे बघतात. हृदयात सरकवलेल्या तारेच्या टोकाला झडप लागली की बोटांना कळायचं. दार ढकलताना पलीकडे कोणी उभं आहे हे कळतं तसं. ते गेलं.

मी या धंद्यात का आले हे तुला कधी सांगितलं नाही. बाबांनी तुला दोरीने मारलं होतं, उड्या मारायच्या दोरीने, तू रिंगमध्ये रडलास म्हणून. तू कोपऱ्यात पडलास आणि हलेनास. बाबा दार लावून निघून गेले. मी तुझ्या छातीला कान लावला. एवढासा होतास, पण आत काय धडधड चालली होती! ती थांबेल म्हणून मी कान काढलाच नाही.

सोनोग्राफी करून घे.

ताई


१९ जून

धाकट्या,

या वेळी तुझ्यासाठी लिहीत नाही. भिंगरीसाठी लिहितेय.

तुझी बायको तिला घेऊन माझ्याकडे आली. सांगून आली नव्हती. ओपीडीच्या रांगेत बसली होती, इतर बायकांसारखी नंबर घेऊन. मला म्हणाली, "ही जिना चढून आली की थांबते. आधी थांबायची नाही. मला म्हणते बूट बांधतेय." आपली भिंगरी आणि थांबते! तेरा वर्षांत ती पोर जेवताना तरी बसली आहे का एका जागी?

फोटोवाले आता पुन्हा कामावर येतात. एका डोळ्याने. भिंगरी तुझी मुलगी आहे हे त्यांना कागदावरच्या आडनावावरून कळलं. मी म्हटलं, मी काढते. ते म्हणाले, "तुमच्या त्या हाताने? राहू द्या." त्यांनीच काढला. पडद्यावर ती भिंत दिसली आणि त्यांचा हात थांबला. मला काही सांगावं लागलं नाही.

तिच्यात आहे. बाबांच्या होती तशीच भिंत, या वयात. आणि तिच्यात आहे म्हणजे तुझ्यात आहेच. आता नाणं उडवायची गरज राहिली नाही.

मी तिला समोर बसवून सांगितलं. हृदय म्हणजे काय, तिचं कसं आहे, गोळ्या कोणत्या, पुढे बहुतेक छातीत एक छोटं मशीन बसवावं लागेल. सगळं ऐकून घेतलं तिने. मग मी म्हटलं, "बॉक्सिंग बंद. आजपासून." तिने मला ठोसा मारला. उजवा हुक, खांद्यातून वळवून, अगदी शिकवलेला. नाकातून भळाभळा रक्त. कोट, टेबल, कागद, सगळीकडे. तुझ्या बायकोने तिच्या कानशिलात लगावली. पोरीने आईचा हात पिरगळला. क्षणभर त्या खोलीत आपल्या घराण्यातला एकही माणूस शहाणा नव्हता. मग भिंगरी माझ्याकडे बघून ओरडली, "आजोबांना तूच मारलंस आणि पप्पांना आत टाकलंस, आता मला!"

हे वाक्य तिचं नाही. ते कुणाचं आहे हे तुला आणि मला माहीत आहे.

ती माझं ऐकणार नाही. आईचं ऐकणार नाही. तुझ्या जिमवर तुझ्या जागी शिकवायला जो उरलाय, तो तुझा रेडा, त्यालाही मी जाऊन भेटले. तो सँडबॅगला टेकून उभा राहिला. "कोच आत असले तरी त्यांच्या शब्दाशिवाय पोरगी थांबणार नाही, आणि मी थांबवणार पण नाही. पुढच्या महिन्यात स्पर्धा आहे. वजन गटात बसलंय तिचं." मी त्याला रिपोर्ट दाखवला. म्हणाला, "मला वाचता येतं हो, पण हे तुमच्या हॉस्पिटलचं आहे."

म्हणून तुला विचारतेय. मला उत्तर देऊ नकोस, मी मेले असं समज. पण तिला चार शब्द लिही. "थांब. मी सांगतोय." एवढंच. ती जगात एकाच माणसाचा शब्द मानते.

नाक मोडलं नाही. तुझ्यापेक्षा तिचा हुक बरा आहे.

ताई


१६ जुलै

धाकट्या,

तुझा शब्द मिळाला. मला नाही, रेड्याला. भेटीच्या वेळी तू त्याला सांगितलंस, "ताईचं ऐकू नका. तिला लोकांच्या छात्या फोडायची हौस आहे." त्याने ते जिमवर सगळ्यांसमोर मोठ्याने सांगितलं. भिंगरीसुद्धा होती.

मी स्पर्धावाल्यांना लिहिलं. त्यांच्याकडे दुसऱ्या एका डॉक्टरचं प्रमाणपत्र पोहोचलंय की मुलगी ठणठणीत आहे. त्याने तिच्या छातीला हातही लावला नसेल. तुझी बायको पोलिसांकडे गेली होती. ते म्हणाले, घरचा मामला आहे, घरात मिटवा.

स्पर्धा रविवारी आहे. तुझी बायको म्हणते, शनिवारपासून पोरीला खोलीत कोंडते.

मला तुझी घृणा वाटते. हे लिहून खोडणार होते, पण राहू दे.

ताई


११ ऑगस्ट

धाकट्या,

तुझी ओळ मिळाली. इतक्या महिन्यांतली पहिली, आणि तीही प्रश्नाची: "पोरीच्या फासळ्या तू मोडल्यास?"

नाही. तुझ्या बायकोने मोडल्या.

तुला रेड्याने काय सांगितलं असेल ते असो. झालं ते असं. भिंगरी खिडकीतून उडी मारून गेली. तुझ्या बायकोचा फोन आला तेव्हा मी आपत्कालीन विभागातलं शॉकचं छोटं मशीन पिशवीत घातलं आणि निघाले. कोणाला विचारलं नाही. आम्ही दोघी हॉलमध्ये पोहोचलो तर तिची लढत सुरू झाली होती. रेड्याची पोरं दारात आडवी झाली. "कोचचं नाव खराब करू नका, घरी जा." आम्ही धक्काबुक्की करत असताना मला रिंग दिसत होती. तुझी मुलगी काय लढते रे! पाय जमिनीला लागत नव्हते. समोरची तिच्याहून वीतभर उंच होती आणि मागे मागे सरकत होती. क्षणभर मीही विसरले की आपण कशाला आलोय.

मग ती पडली. ठोसा लागला नव्हता. दोघींमध्ये हातभर अंतर होतं. हात खाली आले आणि ती तोंडावर आपटली. लोक हसले. त्यांना वाटलं पाय घसरला.

मी दोरांखालून आत घुसले. नाडी नव्हती. मी दाबायला सुरुवात केली आणि माझं मनगट गेलं. जोर द्यायला गेले की बोटांपासून कोपरापर्यंत कळ, आणि हात दुमडायचा. बाबांची छाती दाबताना फटका बसला तोच हात. तेवढ्यात कोणीतरी माझे केस धरले आणि मला मागे ओढलं. रेडा. "पुन्हा तेच करतेय ही! हिला हटवा!" मी पाठीवर पडले, त्याचा गुडघा माझ्या बरगडीत. त्याच्या खांद्यावरून मला भिंगरीचे पाय दिसत होते. नुसते दोन बूट, हलत नव्हते.

तुझ्या बायकोला तू काय समजतोस? घरात आवाज चढला की स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडणारी बाई. मीही तेच समजत होते. तिने कोपऱ्यातलं स्टूल उचललं आणि रेड्याच्या तोंडावर घातलं. एकदा नाही. तो खाली बसला, तेव्हा आणखी एकदा. दात पडलेले मी पाहिले. मग स्टूल तसंच हातात धरून ती बाकीच्यांकडे वळली आणि म्हणाली, "या." एकाच शब्दात सांगितलं. कोणी आलं नाही.

मी ओरडले, "स्टूल टाक, इकडे ये, हात इथे ठेव." तिने ठेवले. "दाब." तिने दाबलं, कणीक तिंबल्यासारखं. "असं नाही! जिवाच्या आकांताने! छाती आत गेली पाहिजे!"

"ताई, मोडेल हो!"

"मोडू दे!"

आणि मोडली. तो आवाज आम्ही दोघींनी ऐकला. तिच्या तोंडातून जे निघालं त्याला मी शब्द म्हणणार नाही. पण हात थांबले नाहीत. मी डाव्या हाताने आणि दातांनी मशीनच्या पट्ट्या सोलल्या, भिंगरीच्या छातीला चिकटवल्या, तिच्या आईला बाजूला ढकललं आणि बटण दाबलं. पोर उसळली. तुझी बायको मशीनकडे बघत राहिली. मी म्हटलं, "पुन्हा दाब," आणि तिने पुन्हा दाबलं. दुसऱ्या शॉकनंतर भिंगरीने तिचा हात झटकला. झटकला म्हणजे ग्लोव्हने मारला. तुझीच मुलगी.

ती जिवंत आहे. बोलते, शिव्या घालते, हसलं की फासळी दुखते म्हणून हसवू नका म्हणते. छातीत कातडीखाली काड्यापेटीएवढं मशीन बसवलंय. हृदय भरकटलं तर ते आतूनच शॉक देईल. माझ्या हाताखाली शिकलेल्या पोरीने ते बसवलं. मी शेजारी उभी राहून गप्प बसले. मला गप्प बसायला किती कष्ट पडतात ते तुला माहीत आहे.

रेड्याने तक्रार केली नाही. एका बाईने दात पाडले हे कुठे लिहून देणार?

भिंगरी माझ्याशी अजून सरळ बोलत नाही. काल मात्र विचारलं, "पप्पांचं पण असंच आहे का?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "मग त्यांना सांग ना." मी म्हटलं, "सांगून थकले. आता तू सांग." पाकिटात तिची चिठ्ठी आहे. मी वाचलेली नाही.

ताई


२३ नोव्हेंबर

धाकट्या,

भिंगरीने काय लिहिलं होतं ते मी अजूनही विचारलेलं नाही. पण तू स्वतः अर्ज केलास, आणि परवा तुला आमच्याकडे आणलं. तू माझ्याशी बोलला नाहीस. मीही नाही. एवढ्या लोकांत, दोन शिपाई शेजारी, काय बोलणार? म्हणून लिहितेय. तुझं तोंड भिंतीकडे होतं. तुझ्या पाठीमागे काय झालं ते तुला दिसलं नाही, आणि ते तुला कळलं पाहिजे असं मला वाटतं.

त्या दिवशी फोटो काढायला दुसरं कोणी नव्हतं. मी फोटोवाल्यांना आधीच म्हटलं होतं, सुट्टी घ्या, मी पेशंट दुसरीकडे पाठवते. ते म्हणाले, "येऊ दे." का, ते सांगितलं नाही.

शिपाई तुझ्या हातकड्या काढायला लागला तेव्हा तू म्हणालास, "नको, राहू द्या." मला तुझा आवाज ओळखूच आला नाही. तू काय म्हणून ते बोललास हे मला कळलं. खोलीत तेही होते. तुझा स्वतःवर भरवसा नव्हता.

फोटोवाले मशीनवरून नजर न काढता म्हणाले, "काढा. डावा हात डोक्याच्या वर घेतल्याशिवाय फासळ्यांमधून दिसत नाही."

तू शर्ट काढून डाव्या कुशीवर झोपलास, भिंतीकडे तोंड करून. त्यांना तुझ्या पाठीशी बसावं लागतं आणि तुझ्या अंगावरून हात पुढे नेऊन छातीवर ठेवावा लागतो. असाच काढतात तो फोटो. जवळजवळ मिठीच. ते म्हणाले, "हात वर घ्या." तू घेतलास. जरा झटक्यात घेतलास, तुझी सवय.

ते स्टुलावरून उठले, धाकट्या. उठले म्हणजे उडाले. दोन्ही हात तोंडापुढे, मागे सरकले ते पार कपाटाला जाऊन आदळले. बाटली पडली तिचा आवाज तू ऐकला असशील. मान वळवायला लागलास तेव्हा शिपाई म्हणाला, "हलायचं नाही." तू हलला नाहीस. तो वर घेतलेला हात तू उशीच्या खाली घातलास आणि उशीचं टोक मुठीत धरून ठेवलंस. बोटं पांढरी पडली होती. ते मला दिसत होतं, आणि त्यांनाही.

ते तिथेच उभे राहिले. तोंडावरून घाम गळत होता. मी त्यांच्याजवळ गेले, तर त्यांनी मान हलवून मला लांब राहायला सांगितलं. मग रुमालाने तोंड पुसलं, काचेचा डोळा नीट केला, परत येऊन बसले आणि तुझ्या अंगावरून हात पुढे नेला. पहिल्या चित्रांत काही दिसत नाही, नुसती धूसर हालचाल. नंतरची स्वच्छ आली. त्यांनी एकही बाजू सोडली नाही. झडपा, भिंत, रक्ताचा जोर, सगळं. घाईत उरकलं असतं तर मी काही म्हटलं नसतं.

तुझी भिंत जाड आहे. बाबांइतकी नाही, भिंगरीइतकी नाही. मशीनची गरज आत्ता नाही. गोळ्या तुरुंगाच्या डॉक्टरकडे पाठवल्या आहेत, रोज घ्यायच्या, विसरायच्या नाहीत. वजनं उचलायची नाहीत. चक्कर आली, छाती धडधडली, तर लगेच सांगायचं, मर्दुमकी दाखवत बसायचं नाही. सहा महिन्यांनी पुन्हा फोटो.

तू गेल्यावर फोटोवाले चादर बदलत होते. तुझं म्हणणं त्यांच्यापर्यंत पोहोचवायला तू मला काही सांगितलं नव्हतंस, आणि मीही तुझ्या वतीने काही बोलले नाही. त्यांनीच विचारलं, "तुमचे भाऊ पुन्हा कधी?"

मी म्हटलं, "मे महिन्यात."

ते म्हणाले, "तारीख आधी सांगा. त्या दिवशी मी सुट्टी घेईन. एकदा जमलं. दुसऱ्यांदा नाही जमणार."

मी बरं म्हटलं. त्यांनी जुनी चादर गोळा केली, बाहेरच्या बादलीत टाकली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. एक आजीबाई होत्या, घाबरलेल्या. "या," ते म्हणाले, "नुसता फोटो काढायचाय."

मे महिन्यात दुसरं कोणीतरी असेल. शिपायाला हातकड्या काढू दे.

ताई